दोन पेडलांची गाडी

माझा डावा घोटा मोडला तो स्वतःच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरून घसरून. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण सांधा पूर्वीसारखा वळेना. चालता येत होतं. क्लच दाबता येत नव्हता. हाड कसं जुळतं ते मला पेशंटला समजावून सांगता येत होतं, स्वतःच्या पायाला मात्र काही समजावता येत नव्हतं.

सकाळी बीदरला दवाखाना आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारी जनवाड्याला, असं माझं काम अकरा वर्षं चाललं होतं. जनवाड्याला बस होती. पण औषधांची खोकी, लसींची पेटी आणि हा पाय घेऊन बसमध्ये चढायचं, परतीच्या बसची वाट पाहत थांबायचं, मग रात्रीचे पेशंट बघायचे, हे जमण्यासारखं नव्हतं. गाडी चालवता आली नाही तर जनवाडा बंद. तिथं दुसरी डॉक्टरीण नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर, तिथं माझ्यावर नजर ठेवायला कुणी येत नसे, कुणी शिकवायला येत नसे. ते काम माझं होतं.

माझी जुनी देशी गाडी दारात उभी होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, क्लच दगडासारखा. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी ती गल्लीत चालवून पाहिली. पाय अर्ध्यावर जाऊन थांबायचा, गिअर खरडायचा आणि घोट्यातून कळ मांडीपर्यंत यायची. कोपऱ्यावर क्लच सुटला, गाडीनं उडी मारली आणि एका घराच्या ओट्याला लागली. ओट्यावर एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि कन्नडमध्ये मला शांतपणे विचारलं, डोळे फुटलेत का. मी किल्ली काढली आणि चालत घरी गेले.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तीस वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवत होता. मला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं लगेच तोडगा काढला. ट्रक मुलाकडं देतो आणि तीन दिवस मी तुला सोडतो. मी नको म्हटलं. अण्णा सोडणार म्हणजे अण्णा ठरवणार, किती वाजता निघायचं, किती वाजता आवरायचं, कोणता पेशंट उद्या पाहिला तरी चालेल.

"कामून हट्ट करायलीस?" तो म्हणाला. "लोकाच्या बायका ड्रायव्हर ठेवा म्हणून रडत्यात."

त्याच आठवड्यात विलायतेहून परतलेले एक निवृत्त इंजिनीयर दवाखान्यात आले. येताना आणलेली गाडी त्यांना विकायची होती, डोळ्यांमुळं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की तिला क्लचच नाही. मी लिहीत होते ती चिठ्ठी अर्धवट ठेवून त्यांच्याकडं पाहिलं.

रविवारी सकाळी मी अण्णाला घेऊन त्यांच्या घरी गेले. गाडी लहान, पांढरी, आत स्वच्छ. खाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलेटर. मध्ये एक दांडा, त्याच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. पार्किंगचं, मागं जायचं, न्यूट्रल, पुढं जायचं आणि शेवटी चढ-उतारासाठी दोन आकडे. इंजिनीयरसाहेबांनी तीन गोष्टी बजावल्या. दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. बॅटरी गेली तर ढकलून चालू होत नाही. आणि तिसरी त्यांनी अण्णाकडं बघून, दखनीत सांगितली.

"उतार पे इंजन बंद नक्को करो, भाई. ब्रेक पत्थर हो जाता."

अण्णानं मान हलवली. ट्रकवाल्याची मान. मग मला म्हणाला, "लंगड्याची गाडी हाय ही." मी म्हटलं, म्हणूनच बघायला आलो आहोत.

पहिल्यांदा त्यानंच चालवायची असं ठरलं. इंजिन, चाकं, आवाज यांतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि मला घाईनं पैसे द्यायचे नव्हते. शहर संपेपर्यंत तो खूश होता. क्लच नाही म्हणून त्याचा डावा पाय नुसता ठेका धरत होता. मी बाजूला बसून गाडी आपण होऊन गिअर कसा बदलते ते ऐकत होते. एक हलका हिसका, मग आवाज खाली. आमच्या जुन्या गाडीत हे सगळं मी करायची.

जनवाड्याच्या रस्त्याला पठार संपतं आणि लाल मुरमाचा लांब उतार लागतो. आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर या उतारावर इंजिन चालू ठेवत नसे. ट्रकवाला, जीपवाला, टॅक्सीवाला, सगळे वरच न्यूट्रल मारायचे, किल्ली फिरवायचे आणि खालच्या पुलापर्यंत फुकटात जायचे. खाली आलं की गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन चालू. जो असं करत नाही त्याला तेल जाळणारा म्हणून हसायचे. अण्णानं मलाही तसंच शिकवलं होतं आणि मीही अकरा वर्षं तेच केलं होतं.

त्यामुळं त्याचा हात किल्लीकडं गेला तेव्हा मला ते दिसलं आणि तरी दिसलं नाही. इंजिनाचा आवाज थांबला. चाकांचा आणि वाऱ्याचा राहिला.

"अण्णा, चालू कर."

"काय होतंय? बघ कशी चाललीय."

गाडी छान चालली होती. दांडा मात्र पुढं जायच्या अक्षरावरच होता. त्यानं एकदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा दाबला, जरा लागला. तिसऱ्यांदा पेडल खाली जाईना. त्यानं पाय आवळला, मग दोन्ही पाय लावले. वेग कमी झाला, पण पुरेसा नाही. खाली पुलावर कडब्याची एक बैलगाडी चढली होती. पूल एका गाडीपुरता. कठड्याच्या जागी दगडांची रांग.

अण्णानं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. टिकटिकसुद्धा नाही. मग त्यानं तीस वर्षं केलं ते केलं. दांडा खेचून दुसऱ्या आकड्यावर आणला आणि इंजिन पकडायची वाट पाहिली. पकडायला तिथं काही नव्हतं. चाकं फिरत होती, इंजिन मेलेलं होतं आणि दोघांना जोडायला क्लचच्या जागी नुसतं तेल.

"चालू होईना," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मी त्याचा हात दांड्यावरून काढला. काढला म्हणजे मनगटावर मारलं. दांडा न्यूट्रलवर ढकलला, स्टिअरिंगच्या मागं हात घालून किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. कडब्याच्या गाडीवरचा माणूस उभा राहून आमच्याकडं बघत होता. दुसऱ्यांदा फिरवली. इंजिन लागलं. अण्णाचे दोन्ही पाय ब्रेकवर होतेच. ब्रेक एकदम मऊ झाला आणि गाडी तिथंच आडवी होऊन थांबली. माझं कपाळ पुढच्या फळीवर आदळलं. कडब्याच्या गाडीत आणि आमच्यात बैलाची लांबी होती, जास्त नाही.

गाडीवान कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. सगळं खरं होतं, म्हणून आम्ही ऐकून घेतलं.

अण्णा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. बिडी पेटेना. तो म्हणाला, ही गाडी न्हाई, सापळा हाय, आजच्या आज परत कर. मी कपाळ चाचपत बघत होते. टेंगूळ होतं, रक्त नव्हतं. मला त्याच्या उलट वाटत होतं. गाडीनं काहीच चूक केली नव्हती. जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच आम्ही केलं होतं, शहाणपणा म्हणून. जुनी गाडी असती तर ती चूक खपली असती. ही खपवून घेत नव्हती, एवढाच फरक.

"ऊठ," मी म्हटलं. "चढ मी चालवते."

"तुझा पाय?"

"त्याचं इथं काम न्हाई म्हणूनच घ्यायलेय."

तो बाजूला बसला, दाराला धरून. मी गाडी वळवली, चढाला लावली. चाळीस पावलं नीट गेली. मग समोरून ट्रक आला आणि माझ्या डाव्या पायानं, अकरा वर्षांच्या सवयीनं, क्लच म्हणून जे सापडलं ते पूर्ण ताकदीनं दाबलं. तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, मागची जीप कर्कश हॉर्न वाजवत बाजूनं गेली. घोट्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

अण्णानं दाराला दुसरा हातही लावला.

मी दांडा न्यूट्रलवर घेतला, हँडब्रेक ओढला आणि विचार केला. उजवा पाय चूक करत नव्हता. डावा करत होता, कारण तो मोकळा होता. मी डावी चप्पल काढली, साडी आवरली आणि जेवायला बसताना घालतात तशी डाव्या पायाची मांडी घालून सीटवर बसले. आता त्याला दाबायला काही नव्हतं.

"अशी चालवणार?" अण्णानं विचारलं.

"व्हय."

उतारावर उतरणाऱ्या गाड्या इंजिन बंद करून शेजारून सरकत होत्या. आमची गाडी चढावर आपलं आपण ठरवत वर गेली. एका ट्रकच्या मागं अडकलो तेव्हा जुन्या गाडीत मला अर्धा क्लच धरून पाय थरथरेपर्यंत बसावं लागलं असतं. इथं नुसतं थांबले आणि नुसती निघाले. पेट्रोल जास्त जाईल हे दिसत होतं. ओव्हरटेक करायला ती आळशी होती, दाबलं की आधी विचार करायची, मग निघायची. बिघडली तर बीदरमध्ये कुणी हात लावणार नव्हतं. हे सगळं मी वर पोचेपर्यंत मनात मांडलं आणि तरी इंजिनीयरसाहेबांच्या दारात उतरून त्यांना सांगितलं की घेते.

अण्णा फाटकापाशी उभा होता. किल्ली मी त्याच्याकडं दिली नाही. त्यानंही मागितली नाही. म्हणाला, "सोमवारी मी मागून येतो, ट्रक घेऊन."

"नको."

"तुला सोडायला न्हाई. बघायला."

"नको, अण्णा."

सोमवारी दुपारी मी एकटी निघाले. पठाराच्या टोकाला दांडा खालच्या आकड्यावर घेतला. इंजिन ओरडू लागलं, गाडी स्वतःला धरून सावकाश उतरू लागली. मागून एक टॅक्सी आवाज न करता पुढं गेली, त्यातल्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मला काहीतरी खुणावलं, बहुतेक किल्ली फिरव म्हणून. पुलावर कुणी नव्हतं.

जनवाड्याला दवाखान्यापुढं सहा-सात बायका बसल्या होत्या. गाडी थांबवून मी दांडा पार्किंगवर घेतला आणि उतरायला गेले तर मांडीतला पाय पार सुन्न झालेला. दार धरून उभी राहिले. मुंग्या आल्या, मग कळ आली, मग पाय पुन्हा पाय झाला. एका बाईनं विचारलं, कोण सोडायला आलंय. मी म्हटलं, कोणी नाही, आणि लसींची पेटी उचलायला तिलाच हाक मारली.