एका ‘आहा’साठी तीन ग्रामोफोन

रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या अमरावतीच्या घरात ग्रामोफोन लागायचा. मी आणि ताई चटईवर पालथ्या पडून ऐकायचो. आई आत भांडी आवरत असायची आणि बाबा ओट्यावर बसून जुन्या ब्लेडनं काहीतरी बारीक तासत असायचे. रेकॉर्ड बहुतेक वेळा एकच, एक जुनी ठुमरी. ती संपत आली की गाणारीच्या मागे बसलेलं कुणीतरी, बहुधा सारंगीवाला, अगदी हळू ‘आहा’ म्हणायचं. तो ‘आहा’ आला की आम्ही दोघींनी बोट वर करायचं. जिचं बोट मागाहून वर जाईल तिनं दोघींची संत्री सोलायची. मी धाकटी. संत्री बहुतेक मीच सोलली.

दिवाळीत ताईचा फोन आला. ती अजून अमरावतीलाच असते, आणि हल्ली फोनवर फक्त तीच बोलते, कारण पलीकडचं तिला फारसं कळत नाही. म्हणाली, “बेबी, उजवा कान गेलाच होता, आता डावाही जाऊन राहिला. डॉक्टर म्हणते, उन्हाळ्यानंतर काही सांगता येत नाही. त्याच्या आत मले तो ‘आहा’ एकदा ऐकाचा आहे.”

रेकॉर्ड माझ्याकडे पुण्यात होती आणि बाबांचा सुटकेससारखा ग्रामोफोनही. पण मागच्या खेपेला ती पुण्याला आली आणि त्यावर मी तिला ती रेकॉर्ड ऐकवली, तेव्हा ‘आहा’ काही आला नव्हता. ना तिला, ना मला. ताईचं म्हणणं, “हा बाजा तो नाहीच.” माझं म्हणणं, रेकॉर्ड झिजली.

हा वाद होऊ शकतो, कारण बाबांकडे ग्रामोफोन तीन होते. लोक विजेवरचे रेकॉर्ड प्लेअर घ्यायला लागले आणि चावीचे टाकून द्यायला लागले, तेव्हा बाबांनी आणखी दोन आणले. घर विकलं तेव्हा सुटकेस माझ्याकडे आली, टेबलावरची दारांची पेटी चुलतभावाकडे गेली, आणि पितळी कर्ण्याचा मोठा ग्रामोफोन बाबांनी अकोल्याच्या एका स्नेह्यांना दिला. रविवारी नक्की कोणता लागायचा, हे मी आणि ताई एकमेकींना पटवू शकलो नाही. मग ठरलं, तीच रेकॉर्ड तिन्हींवर लावायची.

जानेवारीत निघाले. पुण्याहून अमरावतीला रात्रीची गाडी सोयीची आहे. तिकीट मात्र लवकर काढा आणि स्वेटर जवळ ठेवा. पहाटे बडनेऱ्याच्या आसपास थंडी हाडात शिरते. चावीचा ग्रामोफोन बर्थखाली नीट मावतो. रेकॉर्ड मात्र दोन पुठ्ठ्यांच्या मधे बांधून मांडीवरच घ्यावी. या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. पडल्या तर फुटतात, उन्हात ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात. सोबत मी पोलादी सुयांची नवी कोरी पाकिटं मागवून घेतली होती. कॉन्व्हेंटमध्ये संगीताच्या खोलीतल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की दर बाजूला नवी सुई लावायची. तो नियम मी आजवर मोडलेला नाही.

पहिला दिवस अमरावतीचा. नाश्त्याला गिला वडा खाल्ला. दही आणि चटणीत बुडवलेला हा वडा इथल्यासारखा दुसरीकडे मिळत नाही, आणि दोन माणसं शंभराच्या नोटेत पोटभर खातात. मग ताईला आणि तिची मुलगी वर्षा हिला घेऊन वहिनींकडे गेले. वहिनी म्हणजे त्या चुलतभावाची बायको. तो आता नाही. पेटीवर त्यांनी मनीप्लँटची कुंडी ठेवली होती.

“काहून वं बेबी,” वहिनी कुंडी उचलत म्हणाल्या, “पुण्यात गाणं मिळत नाही का?”

“मिळतं वहिनी, पण त्यात हा ‘आहा’ नाही.”

“मंग आमच्याकडच्यात तरी कुठून येईन? त्यात तं मी तुमच्या भावाच्या विजारी ठेवत होती.”

आधी सुटकेस लावली. तिचा आवाज चहाच्या डब्यातून यावा तसा, मधले सूर ठसठशीत आणि खालचे जवळजवळ नाहीतच. मग तीच बाजू पेटीवर. इथे फरक खरंच मोठा होता. दारं उघडल्यावर सारंगी खोलवरून, उबदार आली. ती तारांची नसून लाकडाचीच असावी असं वाटलं. पण गाणारी मात्र पडद्याआड गेल्यासारखी. आणि दोन्हीकडे सुईची ती खरखर, तव्यावर मीठ भाजावं तशी. शेवट जवळ आला तसं मी आणि ताई एकमेकींकडे बघत राहिलो. कुणाचंही बोट वर गेलं नाही.

ताईनं कान चोळला. “टोचते,” म्हणाली. तिच्या कानाचं असं झालंय की हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही. यंत्र लावलं की भांडी आपटल्यासारखं वाटतं, म्हणून ते यंत्र ड्रॉवरमध्ये असतं.

दुसऱ्या दिवशी अकोला. गाडी वर्षानं चालवली. एसटी भरपूर आहेत, पण ग्रामोफोन घेऊन जाणार असाल तर गाडीच बरी. रस्ता आता चौपदरी आहे आणि मूर्तिजापूर कधी मागे पडलं ते कळत नाही. पूर्वी तिथे चहाला थांबल्याशिवाय प्रवास झाल्यासारखं वाटत नसे. दोन्ही बाजूंना तुरी काढणीला आलेल्या, मधे मधे कापूस वेचून झालेली पऱ्हाटी. ताई पुढे बसून होती. तिनं रस्ताभर एकदाच विचारलं, “रेकॉर्ड घेतली नं?”

बाबांचे स्नेही केव्हाच गेले. आता त्यांचा मुलगा, रफीकभाई, शहरात गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान चालवतात आणि शहराबाहेर बार्शीटाकळीच्या रस्त्याला राहतात. स्वतःच सत्तरीला टेकलेत.

“या ताई, या! सकाळपासून वाट पाहून राहिलो. तुमच्या बाबूजींचा बाजा पुसून ठेवला, पाहा.”

“काय म्हणते हा?” ताईनं मला विचारलं.

“तुमचा बाजा पुसला म्हणते!” रफीकभाईंच्या पत्नी, शमीमभाभी, इतक्या मोठ्यांदा ओरडल्या की अंगणातली बकरी उठून उभी राहिली.

कर्णा सुंदरच होता. व्हरांड्यात ठेवून चावी भरली आणि आवाज थेट अंगणापार गेला. गाणारी समोर उभी राहिल्यासारखी. तिन्हींत सगळ्यात मोकळा आणि ऐटबाज आवाज हाच. पण कर्ण्यानं खरखरही तितकीच मोठी केली होती. ताईनं मधेच दोन्ही हात कानांवर ठेवले. मी सुई उचलली.

“नाही ना?” मी विचारलं. ऐकू गेलं नसेल, पण तिनं मान हलवली.

जेवायला भाभींनी ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी आणि ठेचा केला होता. ताईनं भाकरी अर्धीच खाल्ली. विषय बदलायचा म्हणून मी रफीकभाईंना बाबांच्या आठवणी सांगायला लागले. म्हटलं, ते किती नीटनेटके होते, दर रविवारी ओट्यावर बसून आठवडाभराच्या दातकोरण्या तासून ठेवायचे. ब्लेडनं तासायची ती नक्कल मी हातानं करून दाखवली.

ताईनं माझे हात पाहिले. “काय सांगून राहिली?”

“बाबांच्या दातकोरण्या!” मी तिच्या कानाशी ओरडले.

ताई हसायलाच लागली. “दातकोरण्या कशाच्या बेबी? बाबांची अख्खी कवळी होती. रात्री वाटीत ठेवत. कवळीले कोणी कोरते का?”

रफीकभाई हसले, भाभी हसल्या, मीही हसले. मग ताईच आधी थांबली. बाबांची कवळी मला चांगली आठवत होती. मग ते तासत काय होते?

ताई उठली आणि चप्पल न घालता अंगणात गेली. बकरीला आवरायला रफीकभाईंनी वाळल्या बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं आहे. त्यातला एक काटा तिनं मोडला. पांढरा, बोटाच्या दोन पेरांएवढा, वाळून टणक झालेला. तो तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्याची सुई करत होते ते.”

सिस्टरांच्या नियमात काटा नव्हता, म्हणून माझ्या डोक्यात तो कधी आलाच नाही. रफीकभाईंनी दाढीचं ब्लेड आणलं. सुई बसवतात त्या भोकात मावेल इतकं बूड तासलं, टोक तिरकं केलं, स्क्रू हलक्या हातानं आवळला. पहिल्या काट्याचा अर्ध्या गाण्यात भुगा झाला. दुसरा आम्ही नीट निबर झालेला घेतला.

ज्यांना ग्रामोफोनच्या आवाजात रस आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. बाभळीच्या काट्यानं आवाज निम्म्यावर येतो. पण खरखर त्याहून जास्त उतरते, गढूळ पाणी तांब्यात ठेवल्यावर गाळ बसावा तशी. टोचणारे वरचे सूर गोल होतात. आम्ही गावोगाव पेट्या बदलत हिंडलो. बदलायची होती ती सुई.

ताई खुर्ची ओढून डावा कान कर्ण्याच्या तोंडाशी नेऊन बसली. या वेळी तिनं कानावर हात ठेवले नाहीत. डोळे मिटले होते. शेवटची ओळ आली, आणि ताईचं बोट वर गेलं.

मग मला ‘आहा’ ऐकू आला. अगदी हळू, सारंगीच्या मागून, जसाच्या तसा.

तिला तो ऐकू आला की तिनं जागा लक्षात ठेवून बोट वर केलं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तीच डोळे उघडून म्हणाली, “उशीर केला तू. सोल आता.” वर्षानं गाडीतून संत्री आणली आणि मी सगळ्यांना सोलून दिली.

निघण्याआधी तोच काटा पुन्हा तासून सुटकेसवर लावला. ‘आहा’ तिथेही आला. त्यामुळे रविवारी कोणता बाजा लागायचा, हा वाद आहे तिथेच आहे.

पुण्यात परत येऊन आठवडा झाला. सुटकेसच्या जागी कपाटावर धुळीत एक स्वच्छ चौकोन आहे, तो पुसवत नाही. घरातले कुणी हे वाचतील, म्हणून इथेच सांगून ठेवते.

दारांची पेटी वहिनींची. त्यांच्यामागे त्यांच्या नातीची. तिनं वर कुंडी ठेवली तरी चालेल, फक्त पाणी बेतानं घालावं. कर्णा रफीकभाईंचा. बाबांनी तो देऊन टाकला होता, सांभाळायला ठेवला नव्हता. माझ्या मुलानं तो कधी मागू नये. पोलादी सुया ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. सुटकेस आणि रेकॉर्ड मी ताईकडे ठेवून आले आहे. तिच्यानंतर दोन्ही वर्षाकडे. निघताना भरून घेतलेला काट्यांचा डबाही वर्षाकडेच. संपले तर रफीकभाईंचं कुंपण आहे.

वर्षा, हे तुझ्यासाठी. आईला ऐकू येणं थांबलं तरी रविवारी रेकॉर्ड लावायची. चावी तू भर. तिचा हात सुटकेसच्या काठावर ठेव, लाकूड थरथरतं ते तिला कळेल. शेवटच्या ओळीला तिच्या बोटाकडे लक्ष ठेव. ते वर गेलं, तर संत्री तू सोलायचीस.