देविदासने मानलेल्या बहिणी

देविदासला माणूस भेटला की तो आधी नातं लावतो आणि मग भाव विचारतो. लातुरात क्लासेसच्या भागात त्याची मेस आहे. तिथे भाजीवाला त्याचा मामा, गॅसची टाकी आणणारा पाहुणा आणि पिठाच्या गिरणीचा मालक तर थेट व्याही. समोरच माझं झेरॉक्सचं दुकान. माझी बायको बिलोलीची, तिथेच शाळेत शिक्षिका आहे, आणि देविदासचं गाव बिलोलीजवळ. एवढ्या भांडवलावर मी पहिल्याच दिवशी त्याचा भाऊजी झालो. तेव्हापासून त्याचे झेरॉक्स फुकट. मी मात्र दोन्ही वेळ त्याच्याकडे जेवतो आणि महिन्याचे पूर्ण पैसे भरतो. घरच्या माणसानं घरच्या धंद्यात तोटा करू नये, असं त्यानंच मला समजावून सांगितलं आहे.

मेसवर स्वयंपाकाला तिघी. शिवकांता वयानं मोठी, बोलायला कमी. राजकन्या तोंडाची फटकळ. बबिताचं लहान पोर पिठाच्या डब्याशेजारी झोपलेलं असायचं. उद्याचे डॉक्टर या तिघींच्या पोळ्यांवर वाढत होते. देविदास त्यांना मेस सुरू केली तेव्हाचाच पगार देत होता, शिवाय उरलेली भाजी. त्या भाजीला तो बरकत म्हणायचा.

जुलैत मेसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली की किमान वेतन वाढलं, आता तपासणी होणार. देविदासचा पगार जुन्या किमानाच्याही खाली होता, त्यामुळे त्याला दुहेरी घाम फुटला. कुणी पोळ्यांचं मशीन घेतलं, कुणी मेसचा दर वाढवला. मीही सल्ला दिला.

"महिन्याला थोडे पैसे वाढव, रविवारचं श्रीखंड बंद कर आणि बायकांचं त्यांना देऊन टाक."

"भाऊजी, पोरं पन्नास रुपयासाठी गल्ली बदलतेत. अन् श्रीखंड बंद केलं तर त्यांच्या मायंचे फोन येतेत. मी दुसरी तयारी करायलोय."

ही तयारी त्याला सुचली त्याच्या सख्ख्या बहिणीवरून. नागाबाई त्याच्याहून मोठी. वडील वारल्यावर त्यानं तिला बिलोलीला तहसीलमध्ये नेलं, शेताच्या हक्कसोडीवर अंगठा घेतला आणि घरी आणून पुरणपोळी खाऊ घातली, वर एक लुगडं. हे तो सगळ्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. "एक शबूद बोलली न्हाई. बहीण असावी तर अशी!" कामगाराला वेतन द्यावं लागतं, बहिणीला लागत नाही, हा कायदा त्याला असा घरबसल्या सापडला होता.

राखीच्या दिवशी त्यानं तिघींना पाटावर बसवलं, म्हणजे स्वतः पाटावर बसला आणि त्यांना ओवाळायला लावलं. प्रत्येकीला एकेक झंपरपीस दिला. जेवायला आलेल्या पोरांकडून फोटो काढून घेतला आणि तो मोठा करून सिद्धेश्वराच्या तसबिरीशेजारी टांगला. मग भाषण झालं.

"आजपासून मालक म्हणायचं न्हाई. दादा म्हणायचं. पगार हा शबूद आपल्या घरात नको. हातखर्च म्हणा."

"अन् वाढीचं?" राजकन्येनं विचारलं.

"बहीण भावाकडं वाढ मागती व्हय गं?"

शिवकांताच्या थोरल्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. त्या वाढीवर तिची सगळी भिस्त होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती ओवाळणीच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं, दादा." मला असा संताप आला की मी समोरचं ताट सरकवून उठलो. देविदासनं ते ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी मलाच वाढलं.

कामगार ऑफिसचे साहेब गणपतीच्या आधी येऊन गेले. त्यांनी फोटो नीट पाहिला, चांगला आला आहे म्हणाले, आणि विचारलं, "या बहिणी पोळ्या लाटतात ना? मग वेतन लागू. दिवाळी झाली की परत येतो." ते गेल्यावर देविदासनं ग्रुपवर टाकलं की साहेबाला पटवून सांगितलं आहे.

पुढचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. नातं लावण्याचा त्याला दांडगा सराव, पण समोरच्यानं ते नातं धरून ठेवल्याचा अनुभव नव्हता.

सुरुवात बबितानं केली. पोराचं जावळ काढायचं होतं आणि जावळाला पोर मामाच्याच मांडीवर बसवावं लागतं. देविदास मांडी घालून बसला. पोरानं त्याच्या नव्या पांढऱ्या शर्टावर भाच्याचा हक्क बजावला. कपडे, चांदीचा वाळा, जेवण, सगळं मामाकडून झालं. महालक्ष्म्यांनंतर राजकन्येचं नवऱ्याशी वाजलं. ती पिशवी घेऊन आली ती कामाला नव्हे, राहायला. देविदासच्या बायकोनं पोळपाट तिच्यापुढे सरकवला.

"माहेरी आलेल्या बहिणीला चुलीपुढं बसवतेत व्हय, वहिनी?" राजकन्या म्हणाली आणि पंख्याखाली आडवी झाली.

आठ दिवस वहिनी पोळ्या लाटत होती. शेवटी देविदास राजकन्येच्या नवऱ्याकडे गेला, त्याला बार्शी रोडच्या धाब्यावर जेवू घातलं, हात जोडले आणि बहिणीला साडीचोळी करून सासरी पोचवून आला.

"फटफटीवर पोचवलं का?" मी विचारलं.

"ऑटो केला, भाऊजी. भाऊ म्हणल्यावर लोकं बघतेत." त्याचा आवाज बसला होता. मला हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर मी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

दिवाळीत तिघींचं एकदम झालं. भाऊबीज म्हणजे ओवाळणी आली, आणि ओवाळणी झंपरपीसवर भागत नाही. ते निस्तरतंय तोवर शिवकांता लग्नाची पत्रिका घेऊन आली. पत्रिकेत मामा म्हणून देविदासचं नाव ठळक छापलेलं.

"मला भाऊ न्हाई, दादा. देवानं दिला तो तुमीच," ती म्हणाली. ती हे थट्टेनं बोलत होती का, ते मला आजवर कळलेलं नाही. देविदासलाही कळलं नसावं, कारण त्याचे डोळे भरले.

पाहुणे म्हणाले, मामाची मेस असताना आचारी कशाला? वऱ्हाडाचं जेवण मेसकडे आलं. शिवकांता नवरीची आई, राजकन्या आणि बबिता मावश्या. लग्नघरच्या बायका मांडवातून कशा उठतील? मेस बंद ठेवून देविदासनं आणि त्याच्या बायकोनं बुंदी पाडली, भात घातला, वांगी चिरली. मेसची पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनाही लग्नाला बोलावलं, तेही मामाच्याच खर्चानं. भांड्यांचा संच मामाचा, नवरीचा शालू मामाचा. गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" असं पुकारलं, तेव्हा देविदास कढईपुढून हात पुसत धावला. मंगलाष्टकं चालू असताना तो पोरीच्या मागे उभा होता, अंगाला तेलाचा वास, आणि ढसाढसा रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं. याच गोष्टीमुळे मला देविदासचा पुरता राग कधी धरता आलेला नाही.

या लग्नाला त्यानं नागाबाईलाही बोलावून घेतलं होतं, कामाला एक हात वाढेल म्हणून. नवरा गेल्यापासून ती दिराच्या दारात दिवस काढत होती. तिनं दिवसभर कांदे चिरले. आहेराच्या वेळी पदराला हात पुसत मांडवाच्या कडेला आली. शालू, भांडी, मानाचं पातळ, सगळं एकेक करून बघितलं आणि परत कांद्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी देविदासनं फोटो खाली उतरवला. मला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि तिघींपुढे उभा राहिला.

"हे बघा, मी लई बेजार झालो. सरकार म्हणतंय तेवढा पगार घ्या, वाढ बी घ्या, आठवड्याला सुट्टी घ्या. पैसे बँकेत टाकतो. साहेब आले की तसंच सांगा. पण राखी सोडा."

"म्हंजे आता आमी बहिणी न्हाई?" बबितानं विचारलं.

"न्हाई. कामगार."

शिवकांतानं पदर खोचला, पोळपाट पुढ्यात ओढला. "हाव, मालक. जुलैपासूनचं धरून टाका," एवढं म्हणाली आणि कणीक मळायला घेतली. राजकन्या तोंडाला पदर लावून हसत होती.

देविदासनं खांदे सैल सोडले. श्रीखंड बंद केलं आणि मेसचे शंभर वाढवले तर एवढ्यात भागतं, असं तो मला समजावू लागला, जणू ही अक्कल त्याचीच होती.

नागाबाई दाराशी पिशवी घेऊन बसली होती. तिची बिलोलीची एसटी दुपारची होती. तिनं पिशवी पुन्हा आत ठेवली.

"देविदास, मला बी बहिणीतून काढ."

"आँ?"

"मला बी काढ अन् ह्यांच्यासंगं कामावर ठेव."

"काहीतरीच काय, आक्का. ह्या मानलेल्या व्हत्या. तू सख्खी हायेस की."

"म्हणून तर म्हणाले," नागाबाई म्हणाली आणि शिवकांताशेजारी बसून लाटणं हातात घेतलं.

तिघींपैकी कुणी हसलं नाही. देविदास माझ्याकडे बघत राहिला, पण त्या घडीला त्याला माझंही नातं आठवलं नसावं.