झाकणाला लावलेलं नाक

दौंड तालुक्यातल्या आमच्या गावच्या डेअरीवर मी सात वर्षं दूध नाकानं पास केलं. फॅटला मशीन होतं. पण दूध नासायला लागलंय का, हे कॅनचं झाकण काढून, त्याच्या आतल्या बाजूला नाक लावून ठरायचं. आणि मला तो आंबूस, खवट वास येतच नव्हता. डिझेल यायचं, शेण यायचं, मोगरा यायचा. तेवढा एक नाही. बायकोलाही बोललो नाही. नोकरी गेली असती.

मग चेअरमनच्या तोंडाकडं बघायचो. ते शेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांनी नाक मुरडलं की दूध परत.

बौद्धवाड्यातल्या एका मावशींची एकच म्हैस होती. एके दिवशी त्या दूध घेऊन आल्या, तर मी झाकण काढायच्या आतच चेअरमननी नाक मुरडलं. मी बघितलं. तरी म्हणालो, "वास मारतंय, मावशी. न्या परत."

"आवं, आत्ता पिळलंय. कॅनला हात लावा, कोमट हाय अजून."

"म्हशीला अत्तर लाव की!" लाइनीतून कुणीतरी. हशा.

मावशींनी माझ्याकडंच बघितलं. "भाऊ, तुम्ही सांगा. खरंच येतोय वास?"

"व्हय."

मग रोजच परत. महिन्याभरात त्यांनी म्हैस विकली.

पुढं माझी पोरगी शिरूरला कॉलेजात सायन्स शिकायला लागली. तिला एकदा नाकाचं सांगून बसलो. ती म्हणाली, नाकातल्या पेशींवर वास पकडणारी प्रथिनं असतात, ती कशी घडवायची हे जनुकांत लिहिलेलं असतं. एखादं जनुक बिघडलेलं असलं की तेवढाच वास हुकतो. "जन्मजात आहे, पप्पा. तुमची चूक न्हाई."

"गप बस!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की तिच्या हातातलं पुस्तक पडलं. 'व्हय' म्हणायला कुठलं जनुक लागलं होतं मला?

रविवारी मावशींकडं गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं.

"म्हंजी वास येतच नव्हता?"

"न्हाई."

"आन् व्हय म्हणालात." सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "मला एकटीला कशाला सांगता? म्हशीला वास चार लोकांत लावला. डेअरीवर जा. सकाळी, लाइन लागल्यावर सांगा."

गेलो नाही. खुर्चीत आता चेअरमनचा मुलगा बसतो, आणि मी अजून त्याला रामराम घालतो. इथं लिहितोय, कारण कागद नाक मुरडत नाही. सकाळी सातला लाइन लागते. मला माहीत आहे.