बिनसाखरेचं घर

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना हात आखडतो. बोलायचं तर जीभ त्याहून जास्त आखडते, म्हणून लिहिते.

आम्ही नाशिकच्या सातपूरला रांगेतल्या दोन खोल्यांत राहत होतो. हे एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. दिवाळीच्या आधी यांच्या पायाच्या अंगठ्याला लोखंडाचा कीस लागला आणि ती जखम भरेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की साखरेचा आजार आहे आणि तो बराच जुना असावा. यांच्याच वर्कशॉपमधल्या एका माणसाचा पाय अशाच जखमेने गुडघ्यापासून काढला होता. तो कुबड्या घेऊन बसस्टॉपवर यायचा. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मला त्याच्या त्या कुबड्याच दिसत राहिल्या.

दवाखान्याचे पैसे शेजारच्या मावशींनी दिले. मावशी चांदवडकडच्या, एकट्या राहायच्या, आवाज खणखणीत. त्यांची भिशी नुकतीच लागली होती. ते सगळे पैसे त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाल्या, "बोनस झाला की दे." पण हे दीड महिना घरी बसले, बोनस कसला मिळतोय. त्या दिवसापासून मी मावशींना चुकवायला लागले. त्या नळावरून गेल्या की मग मी हंडा उचलायची. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी यांना आत बोलावलं. मलाही बोलावलं होतं. मी दाराबाहेरच उभी राहिले. शिकलेल्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. हे बाहेर आले आणि म्हणाले, "गोड बंद. बाकी ठीक आहे." मी तेवढंच धरून ठेवलं.

एक जानेवारीला पेपरात एक पान आलं होतं, नव्या वर्षात तब्येत कशी सांभाळावी याचं. मी बोट ठेवून ते सबंध वाचलं. मग साखरेचा डबा, गुळाची ढेप, मुरांबा, लाडवांसाठी आणलेली पिठीसाखर, सगळं पिशवीत भरलं आणि देवळात देऊन आले. डबा घासून उन्हात पालथा घातला. त्या दिवशी मला वाटलं, चोराला घराबाहेर काढून कडी लावली.

मग रोजचं बदललं. पोळीऐवजी ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी. भात अगदी सणापुरता. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी, नाश्त्याला मुगाचं धिरडं. मूग रात्रभर भिजवून आलं-मिरची घालून वाटायचे आणि तव्याला तेलाचं नुसतं बोट लावायचं. डब्यात तळलेलं काही नाही, त्याऐवजी जवसाची चटणी. जवस मंद आचेवर भाजायचे, ते तडतडून उड्या मारायला लागले की लगेच उतरवायचे, नाहीतर कडू होतात. त्यात लसूण, भाजलेली सुकी मिरची, कढीपत्ता, मीठ, आणि खलबत्त्यात जाडसर कुटायचं. जेवणानंतर दोघांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं.

हे कुरकुरायचे. बिनसाखरेचा चहा पिऊन म्हणायचे, "हा चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी?"

"पाय हवाय ना?" मी म्हणायची.

"पाय हवाय गं. पण जीभही माझीच आहे."

हे हसायचे. मला हसू यायचं नाही. रोज आंघोळीनंतर मी यांचा अंगठा पदराने टिपून बघायची. जखम सुकत होती, तरी खपलीखाली काळं दिसतंय का, म्हणून पाय उजेडाला धरायची. हे झोपले की पोट वरखाली होतंय ना, ते बघत बसायची.

त्याच महिन्यात पौषातली संकष्टी आली. यांच्यासाठी म्हणून मी दर संकष्टीला चंद्र बघेपर्यंत उपास धरायची. या वेळी हे म्हणाले, "माझ्या पायासाठी तू उपाशी, आणि मी हादडू? मीपण धरतो." मला बरंच वाटलं. साबुदाणा यांना चालत नाही असं पेपरात होतं, म्हणून तो केला नाही. दिवसभर यांनी लिंबूपाणी घेतलं, तेही मिठाचं. दवाखान्याच्या गोळ्या मात्र सकाळी आणि दुपारी नेमाने घेतल्या, कारण मीच हातावर ठेवल्या. गोळी घेऊन उपाशी राहू नये हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उपास म्हणजे तब्येतीला चांगला, असंच लहानपणापासून ऐकलेलं.

दिवेलागण झाली. मी देवापाशी निरांजन लावत होते, तेवढ्यात मागे भांडं पडलं. वळून बघते तर हे भिंतीला टेकलेले. नाशिकची जानेवारीतली थंडी, आणि यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. हात असे कापत होते की बोटं भिंतीवर वाजत होती.

"काय होतंय?"

"साखर," हे म्हणाले. "साखर दे."

मला वाटलं, साखर डोक्यात चढली आणि आता हे साखरच मागतायत, दारुड्या दारू मागतो तसे. मी मान हलवली. "नाही, साखर नाही द्यायची."

"डॉक्टर म्हणाले होते..." पुढचे शब्द लागेनात. "हात कापले की... तोंडात साखर..."

डॉक्टर तसं खरंच म्हणाले होते, की हे बरळतायत? मी तर दाराबाहेर उभी होते, मला काय माहीत! दिली आणि त्यानेच गेले तर? नाही दिली आणि गेले तर? यांचे डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते. तेव्हा मी फळीवरचे डबे उघडायला लागले. डाळ, तांदूळ, मीठ, हळद. गणपतीच्या नैवेद्यालासुद्धा मी बिनगुळाचे नुसते तीळ ठेवले होते. चिमूटभर गोड नव्हतं घरात. मीच ठेवलं नव्हतं.

उजवीकडच्या घराला कुलूप होतं, ते गावी गेले होते. उरलं मावशींचं दार. मी वाटी घेऊन धावले आणि दारापाशी पोचल्यावर थांबले. पैसे बुडवलेली बाई, आणि वर हात पसरायला आलेली. त्यात दिवा लागलेला. तिन्हीसांजेला घरातलं मीठ-साखर-दूध बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. मावशी तर हे फार पाळायच्या.

"कोण हाय?"

"मी... मावशी, वाटीभर साखर."

"आत्ता? आगं, दिवा लावला ना म्या."

मला वाटलं, झालं. हातातली वाटी दाराच्या कडीवर नुसती टकटक वाजत राहिली. मावशींनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"काय झालं गं? बोल की! मुकी हाय का?"

"ह्यांना... हात कापतायत. साखर मागतायत."

मावशी वाटी घेत बसल्याच नाहीत. अख्खा डबा उचलला आणि अनवाणी निघाल्या. जाताजाता म्हणाल्या, "लक्ष्मी रुसली तर रुसू दे. सकाळी समजूत काढीन तिची."

त्यांनी पेलाभर पाण्यात मुठीने साखर ढवळली, यांना बसतं केलं आणि घोटघोट पाजली. "माझा भाऊबी असाच पडायचा," म्हणाल्या. मी देवापुढच्या निरांजनाकडे बघत होते. यांना काही झालं तर ते मी साखर पाजू दिली म्हणून झालं, एवढंच डोक्यात फिरत होतं. हळूहळू बोटं वाजायची थांबली. हे डोळे पुसून म्हणाले, "आज पाणी बरंच गोड आहे."

मावशी हसल्या. मी मात्र तिथेच खाली बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या. मी परत दाराशी रेंगाळले तर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आत हो. डॉक्टर काय खातोय का तुला?" मी आत गेले. डॉक्टर यांच्यावर रागावले. गोळी घेतल्यावर वेळेवर खायचंच, उपास करायचा नाही, साखरेची पुडी कायम खिशात हवी, हे सगळं त्यांनी आधी सांगितलेलं होतं. यांनी त्यातलं सोयीचं तेवढं घरी आणलं. आणि मी बाहेर उभी राहून तेवढंच उचललं. त्या दिवशी मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला. "गूळ चालतो का?" आवाज इतका बारीक होता की मला तो दोनदा विचारावा लागला. गूळही चालत नाही म्हणाले.

आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत. वाटी माझी होती, पण डबा त्यांचा. साखर भरून द्यायला पैसे नव्हते, म्हणून मी डबा धुऊन त्यात जवसाची चटणी भरून दिली. मावशींनी ती भिशीच्या बायकांना चाखवली. आठवड्याने दारात येऊन म्हणाल्या, "पाच बाया मागतायत. भाव काय सांगू?" मला भाव सांगता येईना, तो त्यांनीच ठरवला. पुढे नाचणीचं सत्त्व, मेथीची पूड, आणि पुढच्या नव्या वर्षाच्या आधी तर एवढी मागणी आली की खलबत्ता सोडून मिक्सर घ्यावा लागला. ऑर्डर मावशी आणायच्या, कुटायची मी. पहिल्या महिन्यापासून मी त्यांचे पैसे थोडे थोडे वळते करायला लागले. काही महिने नुसती चटणीच दिली, कारण यांची औषधं वाढली होती.

भीती गेली नाही. अजूनही हे कामावर निघाले की मी खिसा चाचपून पुडी बघते आणि संध्याकाळी यायला उशीर झाला की कान सायकलच्या घंटीकडे असतात. अंगठा भरला, नखही नवं आलं, तरी मी रोज पदराने टिपते. साखरेचा डबा आता वरच्या फळीवर असतो. त्याला कुणी हात लावत नाही, पण तो भरलेला असतो.

शेवटचे पैसे द्यायला मी सकाळी गेले, दिवेलागणीच्या आत. मावशी अंगणात कांदे निवडत होत्या. नोटा घेऊन त्यांनी न मोजता कनवटीला लावल्या. म्हणाल्या, "फिटले गं सगळे."

"फिटले ना?" मी परत विचारलं.

"आता काय लिहून देऊ का? फिटले."