उजवीचा अर्धा खुराक

तबेल्यात सगळे त्यांना तराजू म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर 'बाबा'. वजन केल्याशिवाय त्यांनी घोड्यांच्या घमेल्यात कधी मूठभर दाणा टाकला असेल तर शपथ. डब्याने मापणाऱ्या माणसाची त्यांना चीड होती. स्वतः मात्र ताटात काय वाढलंय ते न बघता जेवत, आणि त्यावरून बायकोची बोलणी जन्मभर खात आले होते.

बग्गीच्या जोडीत घोड्या दोन, डावी आणि उजवी. ज्या बाजूला जुंपायची तेच तिचं नाव. जावई बग्गी हाकायचा, आणि मुलगी मागच्या पायरीवर उभी राहून वळणावर अंग झोकून गाडी सावरायची. आज त्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. चढ, ओढा आणि खांबांमधली अरुंद वळणं.

काल ही दोघं बग्गीचं चाक दुरुस्त करून आणायला गेली होती आणि नेमका उजवीचा नाल ढिला झाला. नालबंद आला तो संध्याकाळी, तोवर ती दिवसभर जागेवरच उभी. बाबांनी लगेच तिचा ओटचा दाणा निम्म्यावर आणला आणि गवत वाढवलं. नुसत्या उभ्या राहिलेल्या घोडीला कामाच्या दिवसाचा दाणा घातला, की दुसऱ्या दिवशी पळताना तिचे मागचे पुठ्ठे आखडतात. तशीच दामटली तर ती कोसळते, आणि कोसळलेली जनावरं सगळीच काही उठत नाहीत.

म्हणूनच आज मैदानावर अंग मोकळं करण्याच्या चकरा सुरू झाल्या तेव्हा बाबा निर्धास्त होते. मग उजवीचं मागचं पाऊल आखूड पडलं. पुन्हा पडलं. हवेत गारवा होता, डावी कोरडी ठणठणीत, आणि उजवीच्या मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या. बाबा धावत पुढे गेले.

"थांबव गाडी!"

"मामा, आता आपलाच नंबर आहे," जावई वरूनच म्हणाला. "नवा नाल आहे, जरा बोचत असेल. अंग तापलं की सुटेल."

"उतर खाली. पुठ्ठ्याला हात लावून बघ, दगड झालाय."

"तुमच्या एका शंकेपायी वर्षभराची मेहनत मातीत घालू?"

पुकारा झाला. जावयाने लगाम सरसावले. बाबा घोड्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"ने. माझ्या अंगावरून ने."

जावई काही बोलणार, तेवढ्यात मुलगी मागच्या पायरीवरून उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घोड्या सोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तिला पूर्ण दाणा घातलाय. काल संध्याकाळी आणि आज पहाटेही."

साज तिथेच उतरवला. डॉक्टर आले, सुया झाल्या, अंगावर घोंगडी पडली. उजवीने मूत सोडलं ते कॉफीसारखं काळपट; पुठ्ठ्यांचे स्नायू झिजू लागल्याची ती खूण. ते पाहून जावई स्वतःच घोंगडी सावरायला धावला. शेवटी उजवीने गवताची काडी तोंडात धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वाचेल. आणखी एक चक्कर मारली असती तर सांगता आलं नसतं."

मग बाबांचा पारा चढला.

"घोड्यांत वाढलीस तू! अर्धं घमेलं दिसलं, तर विचारायला काय झालं होतं?"

"ती दिवसभर उभी होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"मी? मी दाणा विसरेन?"

मुलीला रडू आवरेना. "परवा डावीला पाणी ठेवलं नव्हतंत, बाबा. त्याआधी मीठ राहिलं. एकदा तर रिकामं घमेलंच पुढे ठेवलंत. मी गुपचूप भरते. कुणाला कळू नये म्हणून."

बाबांनी ते रिकामं घमेलं आठवून पाहिलं. डोक्याला खूप ताण दिला. काही केल्या आठवेना. राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना भीती वाटली.

त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्यापासून दाणा तूच घाल," ते म्हणाले. "आणि मी भांडायला आलो, तरी ऐकू नकोस."