सारजाबाईंच्या घरी अंगात आलं तेव्हा

भवानी पेठेतल्या सारजाबाईंना एकच खंत होती. बावीस वर्षं नवरात्राचे कडक उपास, अनवाणी चालणं, गादीला पाठ न लावणं. पण देवी अंगात यायची ती गल्लीतल्या दुसऱ्याच बायांच्या. सारजाबाईंचा उंबरा तिला कधी दिसलाच नाही. चूल आपली अन् भाकरी लोकांची!

एकोणीसशे चौतीस सालच्या नवरात्रात, सातव्या माळेला, शेजारच्या सावित्रम्मा घटाची माळ ओवायला येऊन बसल्या. नवरा मागावर लुगडी विणायचा. बाई मोठी मनमिळाऊ. झेंडूच्या ढिगात हात घातला अन् मधमाशी बोटाला डसली. "काय न्हाय, अक्का," म्हणत त्यांनी बोट चोखलं अन् पुन्हा सुई धरली.

चार फुलं ओवतात न ओवतात तोच त्यांचा चेहरा लालबुंद झाला. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, अन् बाई बसल्या जागी डोलू लागल्या.

सारजाबाईंचा ऊर भरून आला. "आली गं माझी आई!" त्यांनी खिडकीतून गल्लीला हाक दिली, "या गं बायांनो, माझ्या घरी देवी आली!" मग सावित्रम्मांना पाटावर ताठ बसवलं, मळवट भरला, आरतीच्या ताटात कापूर पेटवून ओवाळलं. सावित्रम्मांनी कासावीस होऊन गळ्याला हात लावला. यांना वाटलं, आई माळ मागते. घातली की गळ्यात! वर विचारतात, "आई, बावीस वर्षं का गं वाट पाहायला लावलीस?"

आई काय बोलणार? आईला श्वास येत नव्हता, ओठ निळे पडत चालले होते.

तेवढ्यात बांगड्यांची टोपली घेऊन कमरुन्निसा दारात आली. "अगे सारजाक्का, ये क्या करते जी? माशी डसी क्या इनको?"

"डसली, पण ते मगाशी..."

"मेरे मामू ऐसेइच गए, मोहोळ निकालते सो! बिठाओ नक्को, लिटाओ!" तिनं माळ ओढून काढली, सावित्रम्मांना आडवं केलं, पाय पाटावर उंच ठेवले, चोळीची गाठ सोडली. बांगडीच्या कडेनं बोटातला माशीचा काटा खरडून काढला. सारजाबाईंनी तोंडाला पाणी लावलं, तर तिनं हात झटकला. "पानी अटकेगा! तुम डाक्टर के पास भागो!"

सारजाबाई पळाल्या त्या थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं.

"बाई, आरती कुणाची करताय? माझी?"

ताट हातातच होतं! मिनिटभरात सारं ऐकून डॉक्टर पेटी घेऊन निघाले. घरी येताच त्यांनी सावित्रम्मांच्या दंडात अ‍ॅड्रिनलिनची सुई टोचली. सारजाबाई भिंतीला टेकून सावित्रम्मांच्या छातीकडे पाहत राहिल्या. छाती वर-खाली होऊ लागली. ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला.

"आज रात्रभर नजर ठेवा, पुन्हा उसळू शकतं," डॉक्टर म्हणाले. "आणखी घटकाभर ओवाळत बसला असता, तर..."

बाहेर नारळ, ओट्या घेऊन दहा-बारा बाया उभ्या होत्या. 'देवी येऊन गेली' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? जिभेवर आलंही होतं. पण आत सावित्रम्मा मळवट भरलेल्या कपाळानं निपचित पडल्या होत्या. सारजाबाई उंबऱ्यावर आल्या.

"देवी न्हाय आली, बायांनो. माशी डसली अन् माझी अक्कल गेली. ऐका नीट. डंखानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, चक्कर आली, तर ओवाळू नका. आडवं निजवा, पाय वर, तोंडात काही घालू नका, अन् डॉक्टरला आणा. लगोलग!"

बायांच्या घोळक्यातून गोजाबाई म्हणाली, "मग ह्या नारळाचं काय करायचं, अक्का?"

"फोड माझ्या डोक्यावर," सारजाबाई म्हणाल्या. "रिकामंच हाय, आवाज लई मोठा येईल."