आईने शेजारी शिकवलेली मूठ

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज सकाळचं कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

आईला जाऊन दीड महिना झाला. शेवटची बारा वर्षं ती मेहरूणला माझ्याकडेच होती. आज रजेवर होते. शेजारच्या शोभाताई पिठाचा डबा घेऊन निघालेल्या दिसल्या. कुठे, म्हणून विचारलं.

"मुलींच्या वसतिगृहात. भाकरीचं पीठ काढताना रोज एक मूठ बाजूला ठेवायची, बुधवारी पोचवायची. अक्कांनी शिकवलं. तुम्ही ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघी आपापलं पीठ घेऊन जायचो."

अक्का म्हणजे माझी आई.

शोभाताईंचे मिस्टर रिक्षा चालवतात, घरात खाणारी सहा माणसं. तरी त्यांना जमतं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, हेवा वाटला. पीठ माझ्या घरातलं, आई माझी आणि सोबत शेजारणीची?

"मला का नाही सांगितलं तिने?" मी विचारलंच.

"रागावू नका. अक्का म्हणायच्या, तिला सांगितलं तर एकदाच पोतं पाठवून मोकळी होईल."

आईच्या दहाव्याला मी अनाथाश्रमात गव्हाचं पोतंच पाठवलं होतं. स्वतः गेलेही नव्हते.

दुपारी भाकरीआधी एक मूठ काढून ठेवली. पुढच्या बुधवारी अर्धी रजा टाकून शोभाताईंबरोबर जाणार आहे. हेवा अजून गेलेला नाही.

तुमच्या घरात असं कोणी गुपचूप देत होतं का? तुम्हाला ते कधी कळलं?